तौरबाईंचं चूलबंद आवतण

तौरबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी वर बघायच्या. यजमान ‘या, बसा’ म्हणतोय, कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतंय, आणि बाईंची नजर छतावरून, खिडकीच्या फटीतून, कवाडाच्या भोकातून फिरते आहे. मग पहिला प्रश्न ठरलेला, “तुमच्या घरात उजेड कुठून येतो?” परतूरमध्ये हा प्रश्न त्यांच्याआधी कुणी कुणाला विचारलेला नव्हता. बहुतेक माणसं मीटरकडे बोट दाखवायची. आमचे सासरे म्हणाले होते, तारेतून येतो, आला तर.

मी त्यांच्याच कन्याशाळेत हिंदी शिकवायचे आणि त्या चित्रकला. आमची गाठ पडली तेव्हा जालना जिल्हा नुकताच झाला होता आणि आमचं परतूर एका जिल्ह्यातून उचलून दुसऱ्यात ठेवलं होतं. गावाला त्याचं काही वाटलं नाही. मोंढ्याचा बाजार, कापसाचं जिनिंग आणि रेल्वे जिथल्या तिथे होती. आम्ही कापसाचे व्यापारी, मूळचे राजस्थानचे. पण इतक्या पिढ्या इथे गेल्या की तिकडे गेलो तर आम्हाला मराठी समजतात आणि इथे मारवाडी म्हणतात. हे सांगायचं कारण एवढंच, की कुणाच्या घरात कुणी कुठपर्यंत जायचं याचे परतूरचे सगळे कायदे मला पाठ होते. ओट्यापर्यंत कोण, बैठकीत कोण, माजघरात कोण. ते कायदे तौरबाईंनाही पाठ होते. म्हणून तर त्यांनी नेमका तिथेच हात घातला.

बाई उंच, काटकुळ्या. सुती साडी, पदर कायम कमरेला खोचलेला, हातात वायरची पिशवी. पिशवीत आरशाचे तुकडे, फुटक्या बांगड्या, रंगीत जिलेटीनचे कागद, पत्र्याच्या पट्ट्या. त्या चालायला लागल्या की पिशवी वाजायची आणि वर्गातल्या मुली आवाजावरून सावरून बसायच्या. कपाळाला कुंकू नाही, गळ्यात काही नाही. शिक्षक-खोलीत कुजबुज होती की नवऱ्यानं टाकलेली आहे. एकदा नव्याने आलेल्या एका बाईंनी ते जरा मोठ्यानं विचारलं. तौरबाई खडू झटकत म्हणाल्या, “टाकलेली न्हाई. मी टाकून आलेली हाय. नीट सांगत जा लोकायला.”

खरी हकिकत अशी होती. त्या जालन्यापलीकडच्या टेंभुर्णीच्या. वडील, म्हणजे अण्णा, जमीनजुमला असलेले, शब्दाचे पक्के, आणि शब्द पक्का असल्याचा अभिमान त्याहून पक्का. प्रयागचं, हे बाईंचं नाव, लग्न लवकर झालं. सासरच्यांनी आधी चित्रकलेचं शिक्षण पुरं करू देऊ म्हटलं आणि मग रंगाची पेटी माळ्यावर टाकली. प्रयाग माळ्यावरून पेटी काढून, ती बगलेत मारून औरंगाबादला गेली. अण्णांनी निरोप धाडला की नांदायचं नसेल तर या घराचा उंबरा तुला बंद. माझ्या हयातीत तुझा पाय आत पडणार नाही. त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. माय त्या उंबऱ्याच्या आत होती, लेक बाहेर, आणि दोघींची भेट कुणाच्या लग्नकार्यात, मंडपाच्या कोपऱ्यात, तीही अण्णांची पाठ फिरली तर. बाई हे सगळं कोरडेपणानं सांगायच्या. फक्त शेवटी म्हणायच्या, “मायचं माजघर लई अंधाराचं हाय. एक खिडकी न्हाई. तिथं एकदा उजेड लावायचा हाय मला.” हेच त्यांचं मागणं होतं. बाकी सगळी घरं त्या एका घराची तालीम होती, असं मला पुढे वाटायला लागलं.

घरांचा नाद त्यांना लागला तो जालन्याच्या एका चित्रप्रदर्शनामुळे. तिथे नियम होता की चित्र फ्रेममध्ये हवं, मागे टांगायला कडी हवी. बाईंनी कडी लावलेली रिकामी फ्रेम नेली आणि एका भिंतीवर टांगली. संयोजक म्हणाले, यात चित्र नाही. बाई म्हणाल्या, अकरा वाजता येईल. खरोखर अकराच्या सुमाराला समोरच्या जाळीतून ऊन त्या फ्रेममध्ये उतरलं आणि भिंतीवर पानांची सावली हलायला लागली. बघायला माणसं जमली. संयोजकांनी ती फ्रेम उचलून दाराच्या मागे नेऊन ठेवली, कारण तिला परीक्षकांनी कुठल्या गटात बसवायचं हे ठरेना. बाईंनी फ्रेम काढली, तिथल्याच रद्दीवाल्याला देऊन टाकली आणि परतीच्या गाडीत मला म्हणाल्या, “हॉलात लोक चपला वाजवीत फिरतेत आन् निघून जातेत. घरात मानूस ऱ्हातो. मी घरातच लावीन.”

मी विचारलं, कुणाच्या घरात?

“जो देईल त्याच्या. आन् बैठकीत न्हाई. आतल्या खोलीत.”

त्यांच्या अटी तेव्हापासून पक्क्या झाल्या. मांडणी आतल्या खोलीत होणार, एकच दिवस राहणार, आणि ज्याला यायचं त्याला येऊ द्यायचं. घरमालकाने माणसं निवडायची नाहीत. आवतण बाई स्वतः दारोदार जाऊन देणार, आणि तेही चूलबंद. आमच्याकडे एक आवतण माणशी असतं, घरातल्या एकानं जाऊन जेवून यायचं. चूलबंद म्हणजे अख्खं घर. म्हातारं, लेकरू, विधवा, रुसलेलं, कुणी मागे राहायचं नाही. त्या दिवशी त्या घरात चूल पेटतच नाही. बाईंना कुणीही मागे राहायला नको होतं, विशेषतः ज्यांना हळदीकुंकवाला बोलावत नाहीत त्या बायका. म्हणून त्यांनी हा शब्द उचलला. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही.

पहिली मांडणी रज्जाकभाई मणियार यांच्याकडे झाली. बांगड्यांचा धंदा, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. माळवदाला उजेडासाठी भोक ठेवलेलं असतं, त्याला आमच्याकडे सानं म्हणतात. बाईंनी सान्याखाली पितळी परात ठेवली, तळाला आरसा, आरशावर फुटक्या बांगड्यांच्या काचा, वरून पाणी. भर दुपारी ऊन सरळ परातीत उतरलं आणि सगळं छत हिरवं-तांबडं होऊन हलायला लागलं. भाभींनी ऊद जाळला होता, त्या धुरात उन्हाचा दांडा उभा राहिला होता, हाताने धरावा असा. गल्लीतले लोक रांगेनं आत आले, बघितलं, तोंडात बोटं घातली, आणि बाहेर येऊन ओट्यावर बसले ते उठेचनात. जरा वेळाने एका म्हाताऱ्याने विचारलं, पंगत कधी बसायची? चूलबंद आवतण होतं ना! अर्ध्या गल्लीत सकाळपासून चूल पेटलेली नव्हती. लेकरं भुकेने रडायला लागली होती.

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. भाभी मात्र पोट धरून हसल्या आणि मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. ज्यांना तिथे खायचं नव्हतं ते उपाशी घरी गेले, ज्यांची भूक मोठी होती ते जेवले. पुढच्या वेळेपासून बाई आवतण द्यायच्या, “चूलबंद आवतण हाय, पन जेवून या.” लोक म्हणायचे, हे कसलं आवतण? बाई म्हणायच्या, असलंच हाय.

त्याच दिवशी गावाची लाइट गेलेली होती आणि कुणीतरी वीज मंडळात जाऊन सांगितलं, की कुठेच लाइट नाही आणि मणियाराच्या घरात रंगीत लाइट नाचते आहे. लाइनमन आला. त्याला आकडा टाकल्याचा संशय. भिंती चाचपल्या, वायर कुठे सापडेना. बाईंनी त्याला शिडीवरून माळवदावर नेलं आणि वर बोट केलं. “कनेक्शन तिथून हाय. मीटर बसवायचं असलं तर बसवा, मी शिडी धरते.” लाइनमन खाली उतरला आणि टोपी काढून परातीशी बसला तो खिचडी होईपर्यंत.

मग घरं मिळत गेली. एका डॉक्टरांनी टाकाऊ एक्स-रे दिले, ते बाईंनी एका शिंप्याच्या खिडकीला लावले. सकाळच्या उन्हात हाडंच हाडं. मोंढ्यातला एक हमाल आला आणि एका मोडक्या नडगीपुढे थांबून म्हणाला, हा माझा पाय आहे. बैलगाडीवरून पडलो होतो तेव्हाचा. त्यानं बायकोलाही आणून दाखवला. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये सिग्नलच्या जुन्या हिरव्या काचा होत्या. एका विधवा शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात नुसती एक ट्यूब, जमिनीवर आडवी, वर तिचं जुनं लग्नातलं पातळ पसरलेलं. ते बघायला जी बाई आत जायची ती बराच वेळ बाहेर यायची नाही. आमच्या परतूरला कलेची समज नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटले. ते परतूरला कधी आले नव्हते.

एके दिवशी बाई आमच्या घरी आल्या आणि वर बघायला लागल्या, तेव्हाच मी ओळखलं.

सासऱ्यांची हरकत नव्हती. फक्त त्यांचं म्हणणं, आमची बैठक चांगली मोठी आहे, तिथेच लावा. बाई म्हणाल्या, बैठकीत कुणीही येतंच, मला देवघराशेजारची खोली पाहिजे. सासऱ्यांनी विचारलं, कोण कोण येणार? सगळे, बाई म्हणाल्या. जिनिंगमधल्या सरकी वेचणाऱ्या बायकासुद्धा. त्या बायका पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे कामाला, पण त्यांचा वावर मागच्या अंगणापर्यंत, आणि प्यायचं पाणी वरून ओंजळीत. सासऱ्यांनी विषय गोडीने बदलला, बर्फी मागवली. बाईंनी बर्फी खाल्ली, हात पुसले आणि म्हणाल्या, “शेठजी, न्हाई म्हनायचं तर न्हाई म्हना. मी दुसरं घर पाहीन. पन जागा बदलनार न्हाई.”

‘हो’ म्हणाल्या त्या सासूबाई. दाराआडून. का म्हणाल्या, मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्या घरात त्यांनी दाराआडून बोललेलं क्वचितच कुणी ऐकलं होतं. त्या दिवशी बाईंनी मान वळवून ऐकलं, हे एक कारण असावं.

मांडणी साधी होती. पश्चिमेची खिडकी काळ्या कागदाने बंद, त्यात एक चीर, पुढे तेलाच्या डब्याचा वाकवलेला पत्रा. त्याने भिंतीवर ताटलीएवढा उजेड पडला, इतका स्वच्छ आणि पिवळा, की भिंतीला कुणी आतून दिवा लावला असावा. दुपार सरत गेली तसा तो भिंतीवरून हळूहळू चालायला लागला. सासूबाईंनी तो बघितला, देवघरातून करंडा आणला आणि उजेडाच्या मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. तौरबाई उसळल्या. हा देव नाही, चमत्कार नाही, नुसतं ऊन आहे, असं त्यांनी जरा कडकच सांगितलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. “ऊन हाय, ते आम्हाला बी दिसतंय. तुम्ही तुमचं काम करा बाई, आम्ही आमचं करतो.”

बाईंना असं उलटून कुणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. त्या चक्क हसल्या.

तेवढ्यात जिनिंगमधल्या बायका आल्या, दारात घुटमळल्या, मग आत आल्या. त्यांच्यातली गिरजा नावाची थोराड बाई बराच वेळ उजेडापुढे उभी राहिली. मग तिनं विचारलं, “मी बी लावू का?” मी सासूबाईंकडे बघितलं. खोलीत सगळ्यांनीच बघितलं. सासूबाईंनी करंडा तिच्या हातात दिला. वरून काही टाकलं नाही, हातात दिला. तोवर उजेड वीतभर पुढे गेला होता, म्हणून गिरजाचं बोट पहिल्या बोटाच्या वीतभर पुढे उमटलं. मग दुसरी आली, मग तिसरी. संध्याकाळी ऊन गेलं तेव्हा भिंतीवर खिडकीपासून देवघराच्या दारापर्यंत कुंकवाच्या बोटांची कमान राहिली होती. दिवाळीला सासऱ्यांनी घराला चुना द्यायचं काढलं, तेव्हा सासूबाई त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि रंगाऱ्याला म्हणाल्या की ही सोडून बाकीच्या तीन.

त्या संध्याकाळी बाई कागद सोडवत होत्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं, आईच्या घरी कधी लावणार? बाईंचा हात थांबला. म्हणाल्या, “आवतण तर दर वेळी धाडते.” हे मला नवीन होतं. प्रत्येक मांडणीच्या आधी टेंभुर्णीकडे जाणारं कुणी भेटलं, कंडक्टर, भुसारवाला, लग्नाला निघालेली बाई, की त्या तोंडी निरोप द्यायच्या: तौरांच्या घरी सांगा, अमक्या दिवशी चूलबंद आवतण हाय. परतूरहून टेंभुर्णी म्हणजे दोन गाड्या आणि जाऊन-येऊन अख्खा दिवस. कुणी येणार नव्हतं. निरोप पोचायचा की वाटेतच गळायचा, हेही बाईंना कधी कळलं नाही. तरी धाडायच्या.

अधूनमधून मुख्याध्यापक बोलावून समज द्यायचे. शिक्षिकेने लोकांच्या माजघरांतून फिरणं शोभत नाही, त्यापेक्षा स्नेहसंमेलनाला छान रोषणाई करा. बाई म्हणायच्या, मंडपवाला आहे की, तो माझ्यापेक्षा चांगली करतो. त्यांना बढती कधी मिळाली नाही. त्याबद्दल त्या रागावलेल्या मी पाहिल्या नाहीत, आणि मी मात्र अजून रागावलेली आहे.

मग नव्वदीचं दशक संपता संपता खबर आली, की मायला अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू गेली, तोंड वाकडं झालं, माजघरात उताणी पडून असते. बाई त्याच दिवशी निघाल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या आणि शिक्षक-खोलीत सगळ्यांसमोर रडल्या. तोंड लपवलं नाही, कुणी विचारलं तर सांगतही होत्या. अण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, शब्द दिलेला आहे, पाय आत पडायचा नाही. भाऊ मान खाली घालून उभा. बाई गल्लीत उन्हात उभ्या राहून हाका मारत होत्या आणि मायचा आवाजसुद्धा बाहेर आला नाही. मला फार संताप आला. मी म्हटलं, पंच बोलवा, पोलीस बोलवा, नाहीतर सरळ आत घुसा, कोण काय करतं बघू. बाईंनी डोळे पुसले. “अण्णांना हाताला धरून बाजूला करायचं, आत जायचं, आन् मायनं तिथं पडल्या पडल्या ते भांडन ऐकायचं? न्हाई.”

असा आठवडा गेला. मग एकदा तास संपवून आल्या आणि पाटीवर खडूने घर काढून माझ्यापुढे धरलं. “शारदाबाई, आमचं दार पूर्वेला हाय. समोर गल्ली. गल्लीपल्याड धुरपदामावशीचं माळवद. दुपारनंतर ऊन आमच्या घरामागून तिच्या माळवदावर येतं. दार, ओसरी, माजघराचं दार, सगळं एका रेषेत. अण्णांनी पाय टाकू नको म्हनलं. बराबर? पायच टाकायचा न्हाई.”

त्यांनी स्वतःच्या कपाटाच्या दाराचा आरसा काढला, माणसाच्या उंचीचा. तो गोधडीत गुंडाळून आम्ही दोघी एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं, हे लांबडं काय आहे? बाई म्हणाल्या, खिडकी. टेंभुर्णीला नेतोय. जालन्याला गाडी बदलताना तो आरसा मी आणि त्या पाळणा धरावा तसा धरून पळालो. मला तेव्हा चाळिशी उलटली होती आणि इतकी मजा मला शाळकरी वयातही आली नव्हती.

धुरपदामावशी ही समोरची शेजारीण, बाईंना अंगाखांद्यावर खेळवलेली. तिने काही विचारलं नाही, शिडी लावून दिली. बाई आरसा घेऊन वर गेल्या आणि मी गल्लीपल्याड तौरांच्या घरात, शाळेतली सोबतीण, आजारी माणसाला भेटायला आले म्हणून. मी खोटं बोलले नाही. तौरबाईंच्या शाळेतली, असंच अण्णांना सांगितलं. पांढऱ्या मिशांचा, आजही दाराशी खुर्ची टाकून ताठ बसलेला माणूस. म्हणाले, तुम्ही पाहुण्या, तुम्हाला मनाई नाही, बसा. बाईंच्या भावजयीला चहाचं सांगायला लागले, मी म्हटलं चहा मागाहून, आधी आईंना भेटते.

माजघरात खरंच डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार होता. खाटेवर माय, डोळे छताकडे. मी भावजयीला हळूच म्हटलं, एक मोठी परात पाण्याने भरून या दाराच्या आत ठेवायची आहे. ती गेली आणि पितळी परात घेऊन आली, पाणी ओतलं, मी दाखवलं तिथे ठेवली. “मायचीच हाय ही परात,” एवढंच बोलली.

मी ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिले. थोड्या वेळानं गल्लीच्या मातीवर एक उजळ चौकोन पडला. तो ओट्याची पायरी चढला. उंबऱ्याशी आला आणि तिथे जरा थांबला. वर बाईंना हात सावरावा लागला असेल. मग उंबरा ओलांडून, अण्णांच्या पायांवरून, ओसरीतून सरळ आत गेला आणि परातीतल्या पाण्यावर पडला. माजघराचं छत एकदम जागं झालं. तुळया, जळमटं, टांगलेलं शिंकं, सगळ्यावरून उजेडाच्या लाटा चालू लागल्या. मायने डोळे मिटले, परत उघडले.

अण्णा उठले. त्यांनी मागे वळून आत बघितलं, मग समोरच्या माळवदाकडे बघितलं, आणि त्यांना कळायचं ते कळलं. “ती परात उचल,” ते सुनेला म्हणाले. भावजय पदराचं टोक बोटाला गुंडाळत जागच्या जागी उभी राहिली. तेव्हा ते स्वतः कवाड लोटायला वळले. त्यांच्या पाठीने उजेड अडला आणि छतावर त्यांची काळी सावली पसरली.

आतून आवाज आला. जड, ओढलेला, पण स्पष्ट. “व्हा बाजूला. उजेड अडला.”

त्या बाईनं नवऱ्याला असं कधी म्हटलं नसावं. कवाडावर हात ठेवून अण्णा उभे राहिले. मग ते सरकून भिंतीला टेकले आणि उजेड परत आत गेला.

भावजय भानावर येऊन चुलीकडे निघाली, अण्णांच्या चहाची वेळ झाली होती. मायने तिला थांबवलं. एकेक शब्द गोळा करून म्हणाली, “चूल... पेटवू नगं. आवतण हाय आपल्याला.”

म्हणजे सगळे निरोप पोचले होते. कंडक्टरचे, भुसारवाल्याचे, सगळे. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते. तिथूनच, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला म्हनावं, खाली ये. आत ये म्हनावं.”

मी धावत गल्लीत आले. वर बघितलं तर डोळे दिपले. आरशामागे बाई दिसतच नव्हत्या. आरशाच्या दोन कडा धरलेले दोन हात तेवढे दिसत होते, उन्हाने काळे पडलेले, शिरा ताठलेल्या. मी ओरडून सांगितलं, बाई, अण्णा आत बोलावताहेत.

आरसा हलला नाही. मागून आवाज आला. “माय बघून राह्यली का?”

“बघताहेत.”

“मंग ऊन सरल्यावर येते म्हनावं. आता न्हाई.” मग त्या म्हणाल्या, “आन् तुम्ही बी सरका, वाटंत हायत.”

मी बाजूला झाले. पुढच्या वर्षी आम्ही जालन्याला राहायला गेलो, बाईंच्या भेटी कमी होत गेल्या, पण मला त्या आठवतात त्या अशाच. चेहरा नाही, दोन हात, आणि माझ्या डोक्यावरून घरात जाणारं ऊन.